विषाचा उतारा

एखादी वस्तू नष्ट झालीच पाहिजे याविषयी सगळ्यांचे एकमत आहे. मात्र ती नष्ट करण्याचे काम आमच्या गावात नको, असे प्रत्येक गाव म्हणत आहे. अशा वेळी त्या वस्तूचे काय होते? ती आहे तिथेच राहते. आणि ती जिथे आहे तिथल्या लोकांना, तुम्हांला ही हवी की नको, हे मुळात कोणी विचारलेलेच नसते. हा प्रश्न मला गेली काही वर्षे छळतो आहे. तर्कशास्त्राच्या वर्गात घालायच्या कोड्यासारखा तो दिसतो खरा. पण त्याला वजन आहे, टनांत मोजता येईल असे वजन आहे, आणि त्याचे एक टोक मी राहतो त्या खारघरच्या शेजारी, तळोज्याला आहे.

सणासुदीच्या अंकात हा केरकचऱ्याचा विषय कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, कचऱ्याचा विचार आपण वर्षातून एकदाच मनापासून करतो आणि तो याच दिवसांत. माळे उपसले जातात, फुटक्या बरण्या आणि गंजलेले डबे निघतात, भिंतींना हात मारला जातो. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री केरसुणीने घर झाडून, सूप वाजवीत अलक्ष्मीला बाहेर काढण्याची जुनी चाल अजून काही घरांत आहे. लहानपणी मला त्या सुपाच्या आवाजाची मोठी मौज वाटे. एकदा मी आजीला विचारले की, बाहेर काढलेली ही बाई जाते कुठे? आजी म्हणाली, "गावाबाहेर." मी विचारले, "आणि गावाबाहेर राहतात त्यांच्याकडे?" त्यावर आजीने, झोप आता, उद्या पहाटे उठायचे आहे, असे उत्तर दिले. उत्तर म्हणून ते अपुरे होते. पण पुढच्या आयुष्यात मोठमोठ्या कचेऱ्यांनी याच प्रश्नाला दिलेली जी उत्तरे माझ्या वाचनात आली, ती याहून फारशी पुरी होती असे नाही.

दुसरी चाल उताऱ्याची. घरात कोणी आजारी पडले की दहीभात, लिंबू, हळदकुंकू असे काहीबाही त्याच्यावरून ओवाळून तिन्हीसांजेला तिठ्यावर नेऊन ठेवायचे. जो ते ओलांडील त्याच्या पाठीस पीडा लागेल आणि आपले माणूस मोकळे होईल, अशी समजूत. ही समजूत खुळी आहे हे आता सांगायला नको. पण तिच्यातली नीती मला तिच्यातल्या खुळेपणापेक्षा अधिक विचार करण्याजोगी वाटते. लेकराचा ताप उतरावा म्हणून जी माउली उतारा ठेवते तिच्या मनात कोणाचे वाईट करावे असे नसते. तिला फक्त आपले लेकरू दिसत असते. तिठ्यावरून जाणारा पाय तिला दिसत नाही. त्याला नाव नसते, चेहरा नसतो, घरी वाट पाहणारे कोणी नसते. मला या पायाविषयी लिहायचे आहे.

भोपाळची २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र सर्वांना ठाऊक आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या वायूने हजारो माणसे मारली. पण त्याच कारखान्याची दुसरी एक कथा आहे. ती वायूची नसून पाण्याची आहे आणि त्या रात्रीच्या आधीच ती सुरू झाली होती. कारखान्याच्या उत्तरेस १९७७ मध्ये मोठमोठी तळी बांधली होती. कीटकनाशके तयार करताना उरणारे सांडपाणी त्यांत सोडायचे, उन्हाने पाणी उडून जाईल, गाळ तळाशी राहील, अशी योजना. तळाला प्लास्टिकचे अस्तर घातले होते. ते गळू लागले. शिवाय आवारातही जागोजागी कचरा टाकलेला होताच. कारखाना बंद पडला, कंपनी निघून गेली, १९९८ मध्ये जमीन मध्य प्रदेश सरकारकडे परत आली, आणि दर पावसाळ्यात थोडे थोडे विष मातीतून खाली उतरत राहिले. भोवतालच्या वस्त्यांत हातपंप होते. वस्त्या गरिबांच्या, पंपाला येईल ते पाणी प्यायचे.

ते पाणी कसे आहे याविषयी कागद पुष्कळ झाले. नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने १९९७ च्या अहवालात भूजल दूषित झालेले नसल्याचा निर्वाळा दिला. १९९९ मध्ये ग्रीनपीसने केलेल्या तपासणीत क्लोरिनयुक्त रसायने आणि पारा सापडला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवावे असे सांगितले. नळ प्रत्यक्ष यायला पुढे कित्येक वर्षे लागली. तोपर्यंत ज्या मुलांनी हातपंपाचे पाणी प्यायले त्यांची वाढीची वर्षे अहवालांच्या दोन आवृत्त्यांच्या मध्ये सरून गेली.

२००५ मध्ये आवारातला सुटा कचरा गोळा करून, पोत्यांत भरून, तिथल्याच गोदामात रचून ठेवला. तो भरला सुमारे ३४६ टन. उच्च न्यायालयात प्रकरण चालू होतेच. हा कचरा जाळून टाकावा असे ठरले आणि मग त्याची वरात निघाली. म्हणजे कागदावर निघाली, पोती जागची हलली नाहीत. २००७ मध्ये गुजरातेतल्या अंकलेश्वरची भट्टी ठरली. गुजरात सरकारने आधी होकार दिला आणि मागून नकार. २०११ मध्ये नागपूर ठरले. २०१२ मध्ये तर विमानाने जर्मनीला नेण्याचे घाटत होते. एका जर्मन संस्थेशी बोलणी झाली, तिकडे लोकांनी आवाज उठवला आणि संस्थेने अंग काढून घेतले. भोपाळच्या कचऱ्याला जगात कोठेच जागा नव्हती. फक्त भोपाळात होती.

नागपूरच्या प्रकरणाशी थोडे थांबतो, कारण ते आपल्या घरचे आहे. नागपूरच्या दक्षिणेला, बुटीबोरीच्या पुढे बोरखेडी म्हणून गाव आहे. तिथे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची, म्हणजे लष्करासाठी संशोधन करणाऱ्या सरकारी खात्याची, घातक पदार्थ जाळण्याची भट्टी होती. ३४६ टन कचरा तिथे नेऊन जाळावा, असा आदेश मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. विदर्भात एकच गिल्ला झाला. सभा झाल्या, निवेदने गेली, विधिमंडळात विषय निघाला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने परवानगी नाकारली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेले. शेवटी कचरा नागपूरला आला नाही.

नागपूरच्या माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, आणि त्यात गैर काही नाही. असला कचरा जाळणे म्हणजे शेकोटी पेटवणे नव्हे. क्लोरिन असलेले पदार्थ अपुऱ्या उष्णतेवर जळले तर डायॉक्सिन नावाचे विष तयार होते. म्हणून भट्टीची धग हजार अंशांच्या बरीच वर टिकवावी लागते, धूर झटकन थंड करावा लागतो, धुऊन घ्यावा लागतो, आणि हे सारे दिवसच्या दिवस एकाही चुकीविना करावे लागते. तेव्हा परवानगी मागणाऱ्याला मंडळाने खडसावून विचारले पाहिजे: आतापर्यंत तुम्ही असा माल जाळला आहे काय? किती? धुरांड्यातून काय निघाले? राख कोठे पुरणार? भोवतालच्या कोणत्या विहिरींचे पाणी आधी तपासून ठेवले आहे, आणि नंतर दर किती महिन्यांनी तपासणार? हे विचारणे म्हणजे अडवणूक नव्हे. मंडळाचे ते कर्तव्यच आहे. पगार त्यासाठीच असतो.

जागा लष्करी म्हटल्यावर मात्र एक अडचण वाढते. लष्कराला गुपिते असावी लागतात हे कोणीही समंजस माणूस मान्य करील. आमच्या इकडे उरणला करंजा येथे नौदलाचे शस्त्रागार आहे. त्याच्या कुंपणाआत काय आहे हे मला कळावे असा माझा मुळीच आग्रह नाही. पण भिंत जमिनीवर असते, जमिनीखाली नसते. भिंतीच्या आत मुरलेले पाणी भिंतीबाहेरच्या विहिरीत यायला पास काढत नाही. शस्त्राचे गुपित ठेवण्याचा अधिकार मान्य केला म्हणजे पाण्याचे गुपित ठेवण्याचाही अधिकार आपोआप मिळतो काय? माझ्या मते मिळत नाही. शस्त्राची माहिती शत्रूच्या उपयोगाची असते. विहिरीत काय आहे याची माहिती फक्त त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईच्या उपयोगाची असते.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना प्रांतात कॅम्प लेजून म्हणून नौसैनिकांचा मोठा तळ आहे. तिथल्या पाणीपुरवठ्याच्या विहिरींत १९५३ पासून १९८७ पर्यंत यंत्रे धुण्याची द्रावणे, कपड्यांच्या कोरड्या धुलाईचे रसायन आणि इंधनाचे अंश मिसळत होते. पाणी पिणारे कोण? तळावरचेच जवान, त्यांच्या बायका, त्यांची मुले. दहा लाखांपर्यंत माणसे असावीत असा अंदाज आहे. १९८० नंतर प्रयोगशाळांकडून सूचना येत असूनही बाधित विहिरी बंद व्हायला १९८४ ची अखेर आणि १९८५ चा आरंभ उजाडला. म्हणजे भोपाळात वायू सुटला त्याच हिवाळ्यात तिकडे विहिरी बंद होत होत्या. त्या माणसांना सरकारवर दावा लावण्याचा मोकळा मार्ग कायद्याने मिळाला तो २०२२ मध्ये. देशासाठी प्राण द्यायला तयार असलेल्यांना सुद्धा पाण्याची गोष्ट सांगितली गेली नाही, हे ध्यानात घेतले की बोरखेडीच्या शेतकऱ्याचा संशय अडाणी वाटत नाही.

त्याच अमेरिकेत पुढे जे झाले त्यातला एक भाग मात्र उचलण्याजोगा आहे. १९८९ मध्ये तो तळ देशातल्या अति-दूषित जागांच्या यादीत गेला. अशा जागेच्या सफाईची योजना तयार झाली की ती लोकांपुढे ठेवावी लागते. निदान तीस दिवस हरकतींसाठी द्यावे लागतात. हरकतींना उत्तरे देऊन ती निर्णयाच्या कागदाला जोडावी लागतात. आणि विष पुरते निघाले नसेल तर दर पाच वर्षांनी पुन्हा पाहणी करावी लागते. यात फार मोठे तत्त्वज्ञान आहे असे नाही. पण ज्याला ओलांडायचे आहे त्या पायाला निदान आधी सांगितले जाते की वाटेत काय ठेवले आहे.

आता तळोज्याकडे येतो. आम्हां नवी मुंबईकरांना आमच्या शहराचा अभिमान आहे, रुंद रस्ते आहेत, उद्याने आहेत, खाडीत रोहित पक्षी उतरतात. पण हे शहर सिडकोने १९७० नंतर वसवायला घेतले त्याच्या आधीच ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने येऊ लागले होते. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा सत्तरच्या वर गुण म्हणजे परिस्थिती गंभीर असे मानले होते. नवी मुंबईला ७३.७७ मिळाले. परीक्षेत इतके गुण मिळवून आमची मान खाली जावी असा तो एकच प्रसंग. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत घातक कचऱ्याचे एक सामाईक केंद्र आहे. लांबलांबच्या कारखान्यांतला गाळ, राख, मुदत संपलेली रसायने तिथे येतात. काही जाळली जातात, काही अस्तर घातलेल्या खड्ड्यांत पुरली जातात. म्हणजे नागपूरने जे नको म्हटले त्याच जातीचे काम तळोज्यात रोज चालते. त्यावर कोणी सभा भरवीत नाही.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याचे नाव एकदम जगभर झाले, ते तिथले काही भटके कुत्रे निळे झाले म्हणून. एका कारखान्याच्या रंगात ते माखले होते. छायाचित्रे सर्वत्र छापून आली, लोक हळहळले, मंडळाने तो कारखाना बंद करण्याचा हुकूम काढला. मला त्या मुक्या जनावरांची कीव आली हे खरे, पण मनात असेही आले की हे नशीबवान म्हणायचे, कारण त्यांच्या अंगावरचे विष निळे होते. जमिनीखालचे पाणी निळे होत नाही. त्याला बहुतेकदा रंग नसतो, वास नसतो, भांड्यात घेतले तर ते नितळ दिसते. त्याच वसाहतीतून वाहणाऱ्या कासाडी नदीविषयी कोळीबांधव वर्षानुवर्षे तक्रारी करीत होते. त्यांना दाद मागायला हरित लवादापर्यंत जावे लागले. नदी निदान डोळ्यांना दिसते. भूजलाची तक्रार कोणी कशाच्या आधारावर करायची?

आमच्या फाटकाशी मासे घेऊन येणाऱ्या एक मावशी पनवेलकडच्या आहेत. त्यांना एकदा मी सहज विचारले, "मावशी, तुमच्या गावाजवळ नवे काही येणार असले तर आधी कोणी सांगते का हो?" त्या पापलेट कापता कापता म्हणाल्या, "आमाला कोन इचारतंय भाऊ? गाड्या यायला लागल्या का कलतं." आणि मग माझ्याकडे पाहून, "तुमाला इचारतात?" मी हो म्हणू शकलो नाही, पण एवढे मला जाणवले की मला न विचारण्यात आणि त्यांना न विचारण्यात फरक आहे. माझ्या घराजवळ असले काही येऊ घातले तर आमच्या सोसायटीत दोन वकील आहेत, एक निवृत्त अधिकारी आहेत, आणि वर्तमानपत्रात पत्र लिहिणारा मी आहे. आम्ही नको म्हटले तर ते ऐकू जाईल. 'नको' हा शब्द सर्वांच्या तोंडी सारखाच असतो, पण त्याची किंमत तोंड पाहून ठरते. म्हणून प्रत्येकाने नको म्हटले की विष मागे सरत सरत शेवटी तिथे जाऊन थांबते, जिथल्या लोकांचे नको कोणाला ऐकू येत नाही.

भोपाळच्या पोत्यांचे तेच झाले. ३ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे दुर्घटनेला चाळीस वर्षे झाली त्याच दिवशी, मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाने चार आठवड्यांच्या आत कचरा हलवा असे फर्मावले. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंदिस्त गाड्यांतून ३३७ टन माल सुमारे अडीचशे किलोमीटर दूर, धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला निघाला. रस्ते मोकळे केले होते, मागेपुढे पोलीस आणि रुग्णवाहिका होत्या. पीथमपूरला लोक रस्त्यावर आले. दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. धार म्हणजे पवारांची आणि शेजारचे इंदूर म्हणजे होळकरांची नगरी. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांची माणसे तिकडे आहेत. इंदूरला पाणी देणाऱ्या यशवंत सागराचे काय होईल ही भीती तिथे घरोघर बोलली जात होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत हस्तक्षेप करण्याचे नाकारले, चाचण्या झाल्या, आणि २०२५ च्या जूनअखेर शेवटचे पोते जळाले. भट्टीत चुना वगैरे घालावा लागतो. त्यामुळे जी राख आणि अवशेष उरले ते मूळ कचऱ्याच्या दुपटीहून अधिक भरले. ते कोठे पुरायचे, यावर नवा वाद सुरू झाला.

तर मग २०११ मध्ये नागपूरने हो म्हणायला हवे होते काय? हा प्रश्न टाळून पुढे जाणे मला शक्य नाही. एक पक्ष म्हणतो, अर्थातच. कोणीतरी घ्यायला हवेच होते, आणि चौदा वर्षे वाचली असती. दुसरा पक्ष म्हणतो, नाही. ज्याने केले त्याने निस्तरावे, आमच्या लेकरांनी का भोगावे? दुसऱ्या पक्षाच्या म्हणण्यातला राग मला समजतो, पण 'ज्याने केले' तो केव्हाच निघून गेलेला असतो. भोपाळच्या वस्त्यांनी तरी कुठे केले होते? आणि पहिल्या पक्षाला मी विचारीन, भट्टीचा अनुभव, धुराचे आकडे, विहिरींची तपासणी यांतले पुरेसे काही लोकांपुढे न ठेवता मागितलेला होकार म्हणजे होकार काय? आंधळ्या होकारात पुण्य नाही.

माझे मत असे झाले आहे की त्या दिवशी नाही म्हणणे न्याय्य होते. चूक झाली ती दुसऱ्या दिवशी. नकार मिळाला, सभा संपल्या, आणि नागपूर ते विसरले. मुंबई तर विसरण्याइतकेही त्यात नव्हती. सावकाराचे कर्ज नाकारणारा मोकळा होतो. पण संकटात सापडलेल्याला दार न उघडणारा मोकळा होत नाही. त्याची कारणे कितीही रास्त असोत, त्याच्यावर एक ऋण चढते. ज्याने 'माझ्याकडे नको' म्हटले त्याने 'मग कोठे आणि कसे' हे विचारत राहायला हवे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो कचरा जिथे पडून आहे तिथल्या माणसांना आज पाणी कोणते मिळते याची चौकशी करायला हवी. महाराष्ट्राच्या सभांतून एखादा ठराव असाही झाला असता, की आम्ही हा माल घेत नाही, पण भोपाळच्या वस्त्यांत नळ येईपर्यंत स्वस्थही बसणार नाही, तर त्या नकाराला मी वेगळा मान दिला असता.

कारण खरी गोष्ट पुढेच आहे. हे सारे रणकंदन चालले होते ते ३३७ टनांवरून. नीरी आणि हैदराबादची भूभौतिकी संस्था यांनी २०१० मध्ये जो अभ्यास केला त्यात कारखान्याच्या आवारातली दूषित माती अकरा लाख टन असल्याचा अंदाज दिला होता. ३३७ टन म्हणजे त्याच्या शेकडा एक टक्काही नाहीत. एका टक्क्याचा तिसावा हिस्सा धरा. पोत्यांत भरता येत होते तेवढ्यासाठी चार ठिकाणे धुंडाळली, न्यायालये झिजवली, विमानाचे भाडे काढले. जे पोत्यांत भरता येत नाही ते तसेच राहिले. २०२५ च्या जूनमध्ये शेवटचे पोते जळाले तेव्हा त्या मातीला आणि तिच्याखालच्या पाण्याला हात लागलेला नव्हता. पाण्यावर वाद कोण घालणार? ते कोणत्या राज्यात न्यायचे हा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून ते कोणाच्याच सभेत येत नाही. त्याच्यासाठी गाड्या लागत नाहीत. ते स्वतःच चालते, वर्षाला काही हात, खडकाच्या भेगांतून, परवानगीवाचून.

हे पाणी स्वच्छ करणे अशक्य नाही, पण वेळखाऊ आहे. दूषित पाणी उपसून, गाळून परत सोडायचे, किंवा जमिनीत असे जंतू आणि द्रव्ये घालायची की रसायने हळूहळू मोडतील. दोन्हीला दशके लागतात. क्लोरिनयुक्त द्रावणे तर पाण्याहून जड, ती खाली जाऊन खडकाच्या खोबणीत बसतात आणि उपसा थांबला की पुन्हा डोकावतात. अशा योजनेवर सही करणारा अधिकारी तिचा शेवट पाहायला खुर्चीवर नसतो, बहुधा हयातही नसतो. म्हणून अशा योजनेची परीक्षा करणाऱ्या मंडळाकडे मी आणखी एका प्रश्नाची अपेक्षा करतो: तुम्ही निघून गेल्यावर विहिरीत दोरी कोण सोडणार, आणि त्याच्या पगाराचे पैसे आज कोठे ठेवले आहेत?

आता माझ्यावरचा प्रश्न. उद्या कोणी म्हणाले की दुसऱ्या कुठल्या गावातला असाच माल तळोज्याला आणायचा आहे, तर मी काय म्हणेन? पुष्कळ विचार करून मी म्हणेन, आणा. पण आकडे मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, गावच्या विहिरींचे पाणी आधी तपासा, गावाने थांबा म्हटले तर भट्टी थांबेल असे लिहून द्या. हे मी म्हणू शकतो. मात्र हे म्हणताना मला मावशींचे "तुमाला इचारतात?" आठवते. खारघर आणि ते केंद्र यांच्यामध्ये काही किलोमीटर आहेत. माझ्या घरात नळाने धरणाचे पाणी येते. तिथे जवळच्या पाड्यावर ज्याची बोअर आहे त्याच्या वतीने होकार देण्याचा अधिकार मला कोणी दिला? माझा होकार स्वस्तातला आहे. त्याचे वजन फार तर एक मत एवढेच धरावे, आणि त्याच्या मताला माझ्यासारख्या दहांचे वजन द्यावे, असे मला वाटते. कोणी म्हणेल, असे केले तर तो नाहीच म्हणेल. म्हणूही दे. पण त्याला नीट सांगितले, नीट विचारले, त्याचे पाणी राखले, तर तो नाहीच म्हणेल हे आपण कशावरून धरून चालतो? आजवर विचारून तर पाहिलेले नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या सफाईचे नियम काढले. पीथमपूरची भट्टी विझून महिनाही झाला नव्हता. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी कळवायची, राज्याच्या मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दूषण ठरले तर तज्ज्ञ संस्थेने सफाईची योजना द्यायची, जबाबदार कोण ते शोधून खर्च त्याच्याकडून घ्यायचा आणि तो सापडला नाही तर सरकारने सोसायचा, अशी त्यांत व्यवस्था आहे. त्या वेळी देशात १०३ जागा दूषित म्हणून नोंदलेल्या होत्या आणि काम सुरू झाले होते सात ठिकाणी. नियम वाचल्यावर मी पहिली गोष्ट ठरवली ती ही की, आमच्या रायगड जिल्ह्याची पहिली सहामाही यादी कचेरीत जाऊन मागायची. मावशींच्या गावाचे नाव तीत आहे की नाही हे मला पाहायचे आहे. आणि असले तर त्या यादीची एक प्रत मासळीच्या पाटीपर्यंत पोचवायची आहे.